यादीत माझं नाव नाही

मी एक जुना संदर्भग्रंथ आहे. हसू नका, मित्रांनो. चौसष्ट पानं, जाड तपकिरी कागदाचं वेष्टन, दाभणाने ओवलेली सुतळी आणि पहिल्याच पानावर शाईचा भला मोठा डाग, एवढाच माझा थाट, हे मला ठाऊक आहे. तरी माझ्या पाठीवर वाचनालयाने जी चिठ्ठी डकवली आहे तिच्यावर 'संदर्भ' असंच लिहिलेलं आहे, आणि खाली लाल शाईत 'बाहेर नेण्यास मनाई'. त्या कथा-कादंबऱ्या रोज कुणाच्याही पिशवीतून हिंडतात, त्यांना असली इज्जत आहे का? मग मी स्वतःला ग्रंथ म्हटलं तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पोटात दुखतं ते माझ्या. आणि का दुखतं तेच आज सांगायला बसलो आहे.

माझं नाव 'आपल्या डोंगरातलं खाणं'. जन्म सत्त्याऐंशी सालचा. वैशाखऱ्याच्या वर डोंगरात एक वाडी आहे. तिथल्या शाळेवर महादू उबाळे गुरुजी होते. मूळचे शेणव्याचे, पण वाडीवरच खोली घेऊन राहायचे. सुट्टी लागली की बाकीचे मास्तर घराकडे धूम ठोकायचे. आमचे गुरुजी वही घेऊन वाडीत फिरायचे. कुठली भाजी कधी उगवते, कुठला कंद कसा रांधतात, कुठलं फळ पोरांनी तोंडात घालू नये, सगळं विचारायचे. दिवस कलला की कुणाच्या तरी ओट्यावर बैठक बसायची. गुरुजींसाठी घोंगडी अंथरली जायची, कोरा चहा यायचा. मग गुरुजी विचारायचे, ओट्यावरची माणसं सांगायची, गुरुजी लिहून घ्यायचे. असं दोन वर्षं चाललं.

मग गुरुजींनी तालुक्याला जाऊन स्टेन्सिल कापून घेतल्या आणि सायक्लोस्टाइल यंत्राचं हँडल स्वतःच्या हाताने फिरवून माझी पानं काढली. एका फेरीला एक पान. साठ प्रती निघाल्या आणि साठही गुरुजींनी दाभण घेऊन शिवल्या. त्यातल्या एकोणसाठ कुठे गेल्या ते विचारू नका. काही वाळवीने खाल्ल्या, काही चुलीत गेल्या, काहींच्या पानांत कुणीतरी चणे बांधून दिले. मी तेवढा उरलो.

माझं कौतुकही झालं बरं का! जिल्ह्याहून साहेब आले होते, त्यांनी मला हातात धरून भाषण केलं. गुरुजींना शाल-नारळ मिळाला. गुरुजी निवृत्त होऊन शेणव्याला परतले तेव्हा त्यांनी मला गावच्या वाचनालयाला भेट दिलं. चौऱ्याण्णव साली मुंबईचे एक संशोधक माझ्यासाठी खास आले. दोन दिवस बसून त्यांनी माझी पानंच्या पानं उतरवून घेतली आणि गुरुजींना म्हणाले, "अहो, हे दुर्मिळ आहे. लेखात तुमच्या पुस्तकाचा उल्लेख करू." त्या एका शब्दावर मी फुगून दुप्पट झालो. दुर्मिळ! शेजारच्या कादंबऱ्यांकडे तर मी पाहीनासा झालो.

गुरुजी पोस्टमनची वाट बघत राहिले. लेख काही आला नाही, पत्रही आलं नाही. पुढे गुरुजी गेले.

त्यानंतरची माझी वर्षं कशी गेली म्हणता? कपाटात. एका बाजूला जुनी टेलिफोन डिरेक्टरी, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा साखर कारखान्याचा अहवाल. कसर लागली, कोपरे झडले, कपाटाच्या कुलपाला गंज चढला. स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं आली, तर त्यांच्यासाठी पोरं रांगा लावायची. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. मला कुणी काही विचारत नव्हतं, मित्रांनो. एवढं सगळं पोटात असून कुणी विचारू नये, याच्यासारखं दुःख नाही. निदान तेव्हा तरी मला तसं वाटायचं.

गेल्या पावसाळ्यानंतर रुपाली यायला लागली.

रुपाली मेंगाळ. एम.एस्सी.ला वनस्पतीशास्त्र शिकते, शेणव्याला मामाकडे राहते. वाचनालयात फुकट वायफाय आहे म्हणून दुपारी येऊन बसायची. तिचं टेबल माझ्या कपाटाच्या बरोबर समोर. पहिल्याच दिवशी रश्मीने तिला विचारलं. रश्मी म्हणजे आमची ग्रंथपाल, महादू गुरुजींची नात.

"कशावर करतेस गं प्रकल्प?"

"रानातल्या कंदांवर, रश्मीताई. आमच्या वैशाखऱ्याच्या वरच्या वाडीतल्या."

काय सांगू तुम्हाला! माझीच वाडी, माझाच विषय, आणि मुलगी माझ्यापासून चार हातांवर. मी श्वास रोखून वाट बघत राहिलो की आता उठेल, आता कपाटाशी येईल. तिने पिशवीत हात घातला आणि फोन काढला.

त्या फोनात म्हणे एक मदतनीस राहतो. एआय. त्याला नुसतं लिहून विचारायचं. रुपालीने लिहिलं, 'ठाणे जिल्ह्यातल्या रानकंदांवर कुणीकुणी संशोधन केलं आहे ते शोधून दे.' रश्मीचा चहा निवायच्या आत त्याने चौदा लेखांची यादी दिली. नुसती नावं नव्हेत, प्रत्येकात काय लिहिलंय त्याचा सारांशसुद्धा! वर नम्रपणा किती? 'आणखी काही शोधू का, रुपाली?' म्हणे. नाव घेऊन बोलतो मेला!

"चौदा सापडले, रश्मीताई!"

"एवढ्यात? आमच्या आजोबांना दोन वर्षं लागली होती गं." असं म्हणून ती चहाकडे वळली, कपाटातला मी काही तिला आठवलो नाही.

मी काचेतून मान उंचावून ती यादी वाचली. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. माझं नाव नव्हतं. लेखाच्या शेवटी, आपण कुठली गोष्ट कुणाकडून शिकलो ती नावं लिहितात, त्याला संदर्भसूची म्हणतात. रुपालीच्या त्या सूचीत एकदा, फक्त एकदा माझं नाव यावं, एवढीच माझी इच्छा होती. आणि हा कालचा पोर, कानामागून आला आणि तिखट झाला. दारात उभ्या असलेल्या परक्याला घरात घ्यावं आणि घरच्या म्हाताऱ्याला ओळखही दाखवू नये, तसं झालं. मी इतका जळलो की माझ्यातली कसर मेली कशी नाही याचंच नवल.

रोज तेच. ती विचारायची, तो सांगायचा. ती हसायची, तो आणखी सांगायचा. मी रोज मनातल्या मनात म्हणायचो, चुकू दे रे याला, एकदा तरी तोंडावर पडू दे.

आणि तो पडला! रुपालीच्या कॉलेजातल्या मॅडमनी एक नियम घालून दिला होता. जो लेख स्वतः उघडून वाचला नाही, त्याचं नाव सूचीत लिहायचं नाही. बाई शहाणी. रुपाली एकेक लेख उघडून वाचत गेली. चौथ्याला अडली. त्याने सांगितलेल्या अंकात, त्याने सांगितलेल्या पानावर शेळ्यांच्या खुरांच्या रोगावरचा लेख होता. तिने शोध शोध शोधलं आणि शेवटी त्यालाच विचारलं, हा लेख आहे तरी कुठे? तो म्हणाला, 'माफ करा. या लेखाची मला खात्री करता येत नाही. असा लेख बहुधा नाही. मी चुकीचा उल्लेख केला.'

मी एवढा हसलो की माझ्या वेष्टनाचा एक टवका उडाला. बघा, जो लेख जन्माला आला नाही तो यादीत, आणि मी हाडामांसाचा, सुतळी-कागदाचा, तो कपाटात! मला वाटलं, आता तरी पोरगी फोन बाजूला ठेवील. तिने त्या चौथ्या नावावर काट मारली आणि पाचवा लेख उघडला. उरलेले तेरा निघाले खरे. माझा आनंद दोन दिवसही टिकला नाही.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका. मार्गशीर्षात मुरबाडला रानखाद्यांचा मेळावा भरणार होता. मॅडमनी रुपालीला सांगितलं होतं की मेळाव्यात वाटायला एक पत्रक काढ, तुमच्या वाडीत कंद कसे रांधतात ते लिही. पाचशे प्रती छापायच्या होत्या, वर वाडीचं नाव. कितीतरी लोक ते घरी नेणार, बघून रांधणार. रुपालीने पाच कृती निवडल्या. चार तिने लहानपणापासून खाल्लेल्या होत्या. पाचवी कडूकंदाची. हा कंद विषारी असतो, मित्रांनो. त्यातला कडूपणा काढल्याशिवाय खाता येत नाही. आता वाडीतही क्वचितच कुणी तो करतं, रुपालीला कधी करताना बघितल्याचं आठवत नव्हतं. म्हणून तिने मदतनिसाला विचारलं. त्याने तीन लेख दाखवले आणि म्हणाला, 'तिन्ही स्रोत याबाबत सहमत आहेत.'

सोमवारी पत्रक छापायला जायचं होतं. शुक्रवारी दुपारी तिने रश्मीला कच्चा मसुदा वाचून दाखवला. "कंदाच्या पातळ चकत्या कराव्यात. टोपलीत भरून वाहत्या पाण्यात एक रात्र ठेवाव्यात. मग उकडून खाव्यात. कडवटपणा जातो."

मी दचकलो. अरे, ही तर माझी वाक्यं! पान एकतीस, वरून पाचवी ओळ. शब्दन् शब्द माझा! म्हणजे त्या मुंबईच्या संशोधकाने माझ्यातून उतरवून घेतलं, लेख लिहिला, मोठा झाला, आणि मी इथे डिरेक्टरीला टेकून बसलोय. चोर लेकाचे! मला राग आला, अभिमानही वाटला, काय होतंय तेच कळेना. मी कपाटात ओरडत होतो, पण ग्रंथाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

तेवढ्यात रुपालीने फोनात आणखी एक प्रश्न टाकला. 'या तिघांनी ही माहिती मुळात कुठून घेतली?' मॅडमची शिकवण, दुसरं काय.

तो थोडा वेळ शोधत राहिला. मग म्हणाला, 'दुसऱ्या आणि तिसऱ्या लेखाने पहिल्या लेखाचा आधार घेतला आहे. पहिल्या लेखाच्या शेवटच्या टिपेत एकच स्रोत आहे. महादू उबाळे, आपल्या डोंगरातलं खाणं, चक्रमुद्रित, १९८७. ही पुस्तिका मला पाहता आलेली नाही. एखाद्या स्थानिक वाचनालयात प्रत असेल, तर मूळ पान स्वतः पाहावं.'

ज्याच्या नावाने मी रोज बोटं मोडली, त्यानेच माझं नाव घेतलं होतं. आणि तो संशोधकही शब्दाचा पक्का निघाला होता. शेवटी, बारीक टायपात का होईना, त्याने उल्लेख केला होता. गुरुजींना तेवढं कुणी कळवलं नाही. मला एकदम रडू आलं. पुस्तिका म्हणाला त्याचंही मी मनावर घेतलं नाही.

"अगं, हे तर माझ्या आजोबांचं!" रश्मी उठलीच. कुलूप गंजलेलं, किल्ली फिरेना. तिने शिवणाच्या मशीनचं तेल आणून घातलं, तेव्हा कुठे दार करकरत उघडलं. मला बाहेर काढलं, पुसलं, टेबलावर ठेवलं. रुपालीने पान एकतीस उघडलं. तीच चार वाक्यं, आणि खाली गुरुजींनी नेहमीसारखं लिहिलेलं, 'माहिती सांगणार : श्री. बुधू मेंगाळ.'

"रश्मीताई, हा माझा आजा!"

दोघी हसल्या, मग दोघींचे डोळे भरले. रश्मी म्हणाली, "रविवारी घरी जाणार ना? मग घेऊन जा, दाखव त्यांना. मनाई-बिनाई मी बघते." इतक्या वर्षांनी मी माझ्या गावाला निघालो, मित्रांनो, तेही राजासारखा, कापडी पिशवीतून. शेजारी फोन होता, पण किन्हवली, सरळगाव, टोकावडे करत जीप वैशाखऱ्याला पोचेपर्यंत मी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. वाडीच्या चढाला लागल्यावर तर त्याची रेंजच गेली. मला जे बरं वाटलं ते सांगायची सोय नाही!

बुधू ओट्यावरच बसला होता. आता थकलाय, डोळ्यांना कमी दिसतं. रुपालीने मला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि त्याचं बोट धरून नावावर टेकवलं. म्हातारा एकदम ताठ बसला.

"माझं नाव! गुरुजींनी छापलं व्हतं, मी सांगायचो तर कोनाला पटायचं नाय. ओ धाऊ, इकडं ये! बघ, ह्यो मी!"

शेजारचा धाऊ आला, आणखी दोघं-तिघं आले. घोंगडी अंथरली गेली. मी मधोमध. "वाच गो पोरी, मोठ्यानं वाच, काय सांगितलं मी," बुधू म्हणाला. रुपालीने वाचलं. चकत्या कराव्यात, टोपलीत भराव्यात, एक रात्र वाहत्या पाण्यात, मग उकडून खाव्यात. बुधू प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. मीही डोलावली असती.

आत चुलीपाशी रुपालीची आजी, बारकी, भाकरी थापत होती. तो थापण्याचा आवाज थांबला.

"काय वाचलंस गो? परत वाच."

रुपालीने परत वाचलं.

"आन राख?"

"कसली राख, आजी?"

बारकी पिठाच्या हातानेच बाहेर आली. "ह्ये असं रांधून खाल्लं तं घशात आग पडंल. वांत्या व्हतील. ल्हान पोर असंल तं हातचं जाईल. कोनी सांगितलं ह्ये?"

रुपाली पांढरीफटक पडली होती. "आजी, नीट सांग ना. मला हेच छापायचंय. उद्या छापायला जायचंय."

बारकी उंबऱ्यात बसली आणि सांगू लागली. "आदी चकत्या राखंच्या पान्यात उकडायच्या. मग टोपलीत पानं घालून, वर दगड ठिऊन, ओढ्यात. सकाळी येक तुकडा जिभंच्या टोकाला लावायचा नि थुकायचा. कडू लागला का परत नवी राख, परत उकड, परत ओढा. कवा दोनदा, कवा तीनदा. कंद गप झाला का समजायचं. आकडा नाय त्याला. आन ज्यानं आदी कवा केला नाय त्यानं कागुद बघून करूच नाय. आमी सासूच्या हाताखाली शिकलो."

रुपालीने हळूच बुधूकडे बघितलं. म्हातारा खाली मान घालून घोंगडीची दशी ओढत होता.

"मी टोपली ओढ्यात न्यायचो," तो म्हणाला. "सकाळी आनायचो. तेवढंच मला ठाव. गुरुजी समोर वही उघडून बसलं व्हतं. येवढा शिकलेला मानूस आपल्या ओट्यावर आलेला, त्याला काय नाय ठाव म्हनू? जेवढं बघितलं व्हतं तेवढं सांगितलं."

"आणि आजी, तू का नाही बोललीस तेव्हा?"

"मी आत व्हते. गुरुजींचा च्या मीच केलता," बारकी म्हणाली. "मला कोनी इचारलंच नाय."

आणि ती भाकरी करपेल म्हणून उठून आत गेली. रागाने नाही, रडून नाही. जेवण झालं, असं सांगावं तसं सांगितलं तिने.

मित्रांनो, मला कुणी विचारत नाही म्हणून मी इतकी वर्षं जळलो. डिरेक्टरीवर जळलो, परीक्षेच्या पुस्तकांवर जळलो, त्या फोनावर तर राख होईपर्यंत जळलो. आणि जिला खरं ठाऊक होतं ती माझ्या जन्माच्या वेळी सहा पावलांवर बसून माझ्या बापासाठी चहा करत होती. तिलाही कुणी विचारलं नव्हतं. तिने कधी कुणाचा हेवा केला नाही. मी मात्र अर्धवट ऐकलेलं पोटात घालून स्वतःला ग्रंथ म्हणवत होतो. माझ्यावरून पहिल्याने लिहिलं, पहिल्यावरून दुसऱ्या-तिसऱ्याने लिहिलं, आणि ते तिघे बघून त्या बिचाऱ्या मदतनिसाला वाटलं की तीन साक्षीदार आहेत. तोंड एकच होतं. ते माझं होतं. त्या नसलेल्या लेखाला मी खदखदून हसलो होतो. त्या लेखाने निदान कुणाचा घसा जाळला नसता. कुणी माझं ऐकून तो कंद खाल्ला असेल का, या विचाराने माझी पानं गार पडली.

जेवताना रुपालीनेही हेच विचारलं. बारकी हसली. "वाडीत कोन खातंय वाचून? तुमच्या शिकलेल्यांचं मला ठाव नाय."

जेवण झाल्याझाल्या रुपाली फोन घेऊन वरच्या कातळावर गेली, तिथे रेंज मिळते. मला तिने बगलेत धरलं होतं. छापखानेवाल्याला सांगितलं, पाचवी कृती काढून टाका, तिथे फक्त लिहा की कडूकंद माहितगार बाईच्या हाताखाली शिकल्याशिवाय कुणी करू नये. मग तिने मदतनिसाला विचारलं, माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नाही, तिचं नाव सूचीत कसं लिहू? मी कान टवकारले. त्याने नीट सांगितलं. पूर्ण नाव, गाव, प्रत्यक्ष मुलाखत आणि तारीख. तो म्हणाला, 'या कृतीसाठी हाच तुमचा सर्वात महत्त्वाचा स्रोत आहे.' त्याला मी पहिल्यांदाच मनातून बरा म्हटलं.

खाली आल्यावर तिने माझं एकतिसावं पान उघडलं आणि पेन्सिल हातात घेऊन थांबली. आजोबा समोर बसलेले.

"खोड माझं नाव," बुधू म्हणाला.

"ऱ्हाऊ दे," आतून आवाज आला. "टोपली तूच ठेवायचास."

मग रुपालीने माझ्या समासात लिहिलं. ओढ्यात ठेवण्याची माहिती, बुधू मेंगाळ. बाकी सगळी, बारकी मेंगाळ. राखेचं, चाखण्याचं, पुन्हा उकडण्याचं, सगळं बारीक अक्षरात. पेन्सिलीचं टोक टोचत होतं. टोचू दे म्हटलं. बुधूने ते तिच्याकडून वाचून घेतलं, मग धाऊलाही वाचून दाखवायला लावलं.

रुपालीचा प्रकल्प आता पुरा झाला आहे. सूचीत पहिलं नाव बारकी मेंगाळ. दुसरं माझं, आणि माझ्यापुढे कंसात लिहिलंय, 'पान ३१ वरील कृती अपुरी व धोकादायक, वापरू नये.' मला यादीत नाव हवं होतं ना? मिळालं. खोटं कशाला बोलू, पहिल्या नावाकडे बघून अजून थोडं पोटात दुखतं. पण त्या जागेवर मी असायला नको होतं, हे मलाही पटलंय.

आता मी कपाटात नसतो. रश्मीने मला रुपालीच्या टेबलावरच ठेवलं आहे. मित्रांनो, माझं एक मागणं आहे. जुनं पुस्तक दिसलं की तुम्ही त्याला प्लास्टिकचं कव्हर घालता, जपून ठेवता. मला तसं जपू नका. मला उघडा, आणि चूक दिसली तर माझ्या अंगावर लिहा. फोनातल्या त्या हुशार गड्याला खुशाल विचारा, पण त्याने सांगितलं की त्याला विचारा, तुला कुणी सांगितलं? मग त्या सांगणाऱ्याला विचारा. असं मागे मागे येत माझ्यापर्यंत पोचलात, तरी माझ्यापाशी थांबू नका. आत चुलीपाशी कोण बसलंय ते बघा.

माझ्यात बावन्न रानखाद्यं आहेत, आणि ती बावन्नही गुरुजींनी ओट्यावर बसूनच लिहून घेतली होती. रुपाली दर रविवारी मला वाडीवर नेते आणि बारकीला एकेक पान वाचून दाखवते. आतापर्यंत चार पानं झाली. बारकी ऐंशीच्या पुढे आहे.